चिठ्ठी कुठे अडली?

२००४ साली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आयटी विभागात एक टीम अशी होती, की तिच्याकडे काम टाकलं की माणूस ते विसरूनच जायचा. मॅनेजर रेडमंडला, काम करणारे हैदराबादला, एका कंत्राटी कंपनीचे. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. मायक्रोसॉफ्टच्या लोकांना रोज लागणाऱ्या ऐंशीएक अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन्सची डागडुजी त्यांच्या गळ्यात. एखादी विनंती आत गेली की बाहेर यायला पाच महिने. अख्ख्या विभागात याहून वाईट सेवा कोणाची नाही, असा लौकिक.

अशा वेळी पुढे काय होतं, हे हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात चार वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा. आधी एस्केलेशनचा मेल. मग रोज संध्याकाळी ‘ईओडी स्टेटस’. मग एक एक्सेल शीट, तिच्यात कोणी किती वाजता काय केलं त्याचे रकाने. मग रात्री साडेआठचा कॉल, ज्यात तीच शीट मोठ्याने वाचायची. आणि शेवटी त्या सहाजणांपैकी एकदोघांना प्रोजेक्टवरून ‘रिलीज’ करायचं, म्हणजे क्लायंटला वाटतं काहीतरी कारवाई झाली.

ड्रॅगोस दुमित्रिउ या नव्या मॅनेजरने यातलं काही केलं नाही. सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावर लिहिणारा डेव्हिड अँडरसन तेव्हा नुकताच मायक्रोसॉफ्टमध्ये आला होता. त्याला गाठून दुमित्रिउने मदत मागितली, आणि दोघांनी माणसांचा नाद सोडून विनंतीचा माग काढायला घेतला. ती येते, मग जाते कुठे? कोणापाशी किती दिवस पडून राहते? प्रत्यक्ष हात लागतो तो किती वेळ? उत्तरं कामाच्या नोंदींत होतीच, कोणी त्या नजरेने वाचली नव्हती एवढंच.

निघालं ते असं. विनंती आली की ४८ तासांच्या आत तिच्या खर्चाचा अंदाज द्यायचा, असा नियम होता. त्या अंदाजापायी डेव्हलपरचा एक दिवस जायचा आणि टेस्टरचाही एक, तोही हातातलं काम बाजूला सारून. टीमची निदान एक तृतीयांश ताकद नुसते अंदाज बांधण्यात खर्च होत होती. आणि ज्यांचे अंदाज इतक्या निगुतीने काढले, त्यांतल्या जवळपास निम्म्या विनंत्या पुढे कधी हाती घेतल्याच जात नसत. कुठली फार महाग निघायची, कुठली फार मोठी, कुठलीची गरजच एव्हाना संपलेली असायची.

इथे क्षणभर थांबून एक कल्पना करा. त्या सहाजणांच्या मागे पहारा बसवला असता, दर दहा मिनिटांनी त्यांच्या स्क्रीनचे फोटो काढले असते, कीबोर्डचे टक् टक् मोजले असते, तर काय दिसलं असतं? मान खाली घालून राबणारी सहा माणसं. अहवाल उत्तम आला असता. पाच महिन्यांचे पाच महिनेच राहिले असते.

अंदाज बंद झाले. टीमपुढे एका वेळी मोजकीच कामं ठेवायची, एक जागा रिकामी झाली की पुढचं कोणतं काम घ्यायचं ते प्रॉडक्ट मॅनेजरांनी आपसात ठरवायचं, अशी व्यवस्था झाली. पुढे टेस्टर आणि डेव्हलपर यांचं प्रमाणही बदललं, कारण गाडं कुठे अडतंय हे आता सगळ्यांना दिसत होतं. हैदराबादच्या लोकांनी कोड कसा लिहावा याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. वर्ष-सव्वा वर्षात पाच महिन्यांचे दोन आठवडे झाले. टोयोटाच्या कारखान्यातली कानबान पद्धत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा वापरली गेली ती इथे, असं मानतात. कानबानच्या कोर्समध्ये हा किस्सा अँडरसनच्या नावाने सांगतात. हैदराबादच्या सहाजणांची नावं कोणी घेत नाही. (बिचाऱ्यांना आधी बदनामीतही वाटा नावानिशी मिळाला नसेल, एवढंच समाधान.)

तोच अँडरसन पुढे सिअ‍ॅटलला कॉर्बिसमध्ये गेला. छायाचित्रं विकणारी ही कंपनी बिल गेट्सने काढली होती. तिथे भिंतीवर पांढरा बोर्ड आला आणि त्यावर रंगीत चिठ्ठ्या. आज हा प्रकार इतका सर्रास झालाय की पुण्यात लग्नाची तयारीसुद्धा लोक ट्रेलोसारख्या बोर्डांवर करतात. पण कॉर्बिसमधली मला आवडणारी गोष्ट बोर्डाची नाही, त्याच्यापुढे उभं राहून काय बोलायचं याची आहे.

सकाळचं स्टँडअप आपल्याला ठाऊक आहे. गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. कागदावर निरागस वाटतं. प्रत्यक्षात ती हजेरी होते. पाळी जवळ आली की माणूस शेजाऱ्याचं ऐकत नाही, आपलं ‘काल’ कसं भरीव दिसेल याची मनात जुळवाजुळव करतो. मॅनेजर हजर असला तर सगळे त्याच्याकडे बघून बोलतात. दहा माणसांना अर्धा तास लागतो आणि ‘अडचण काय’ याचं उत्तर दहाही जण ‘नो ब्लॉकर्स’ असं देतात.

कॉर्बिसच्या एका मोठ्या प्रोजेक्टवर पन्नासच्या घरात माणसं होती आणि त्यांचं स्टँडअप दहाएक मिनिटांत उरकायचं. कारण माणसांना कोणी काही विचारतच नव्हतं. बोर्ड वाचायचा. जी चिठ्ठी सरकतेय तिच्याबद्दल बोलायची गरज नाही, ती सरकतेय हे दिसतंच आहे. जिच्यावर अडचणीची गुलाबी चिठ्ठी चिकटलीय, तिच्यापाशी थांबायचं: ही कशासाठी थांबलीय, कोण हलवू शकेल? जो हलवू शकेल तो बोलतो. ती कोणाची चूक, हा प्रश्न त्या दहा मिनिटांत बसतच नाही.

माझ्या लेखी सगळ्या गोष्टीचं मर्म यात आहे. चिठ्ठीला विचारलं की माणूस मदतीला येतो. माणसाला विचारलं की तो चिठ्ठी लपवतो. साधनं दोन्हीकडे तीच असतात, कामं नोंदवायचं जिरासारखं सॉफ्टवेअर तेच, बोर्ड तोच, आकडे तेच.

माणसाला विचारण्याची खोड या धंद्यात जुनी आहे. १९८२ च्या सुरुवातीला अ‍ॅपलच्या लिसा या संगणकाचं काम चाललं होतं. तिथल्या मॅनेजरांनी एक फॉर्म काढला: दर शुक्रवारी प्रत्येक इंजिनिअरने या आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या ते भरायचं. बिल अ‍ॅटकिन्सन हा त्यांचा अव्वल माणूस. पडद्यावर चित्रं काढणारं क्विकड्रॉ त्याचंच. त्याने नेमकं त्याच आठवड्यात क्विकड्रॉमधला एक किचकट भाग मुळापासून नव्याने लिहिला होता. नवी पद्धत जुनीपेक्षा सोपी, वेग जवळपास सहापट, आणि कोड दोन हजार ओळींनी कमी. अ‍ॅटकिन्सनने फॉर्म घेतला आणि ओळींच्या रकान्यात लिहिलं: उणे २०००. हा किस्सा त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्डने लिहून ठेवलाय. एकदोन आठवड्यांनी अ‍ॅटकिन्सनला फॉर्म मागणंच बंद झालं, असंही तो सांगतो.

ओळी मोजणं तेव्हापासून हास्यास्पद ठरलं, असं मी परवापरवापर्यंत म्हणत असे. मग २०२४ च्या ऑक्टोबरात सुंदर पिचाईंनी गूगलमधला एक चतुर्थांशाहून अधिक नवा कोड एआय लिहितं, असं जाहीर केलं आणि प्रत्येक कंपनीला आपला टक्का सांगायची घाई झाली. ओळी परत आल्या, या वेळी टक्केवारीच्या पोशाखात. उणे रकाना अजून कोणी ठेवलेला दिसत नाही.

ओळींच्या जागी मधल्या काळात ‘स्टोरी पॉइंट’ आले. प्रत्येक कामाला त्याच्या आवाक्यानुसार गुण द्यायचे, टीमला पुढच्या पंधरवड्याची कल्पना यावी म्हणून. ते गुण एकेका माणसाच्या नावावर मोजायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात यायचीच, आली. डॅन नॉर्थ या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या सल्लागाराने २०२३ मध्ये अशा एका टीमचा किस्सा लिहिला. एका बँकेसाठी काम चाललं होतं आणि कोणी किती गुणांचं काम संपवलं याचा तक्ता निघायचा. त्यात टिम मॅकिनन या प्रोग्रॅमरच्या नावापुढे शून्य. पुढच्या वेळी शून्य. नंतरही शून्यच. नुसतं कमी असतं तर एक वेळ समजलं असतं, पण शून्य! व्यवस्थापनाने नॉर्थला सांगितलं, याला काढा, दुसरा काम करणारा माणूस आणा.

नॉर्थने नकार दिला. टिम कुठलंही काम स्वतःच्या नावावर घेत नसे. सकाळी तो कोणातरी सहकाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि दिवसभर दोघं एका मशीनवर. नवखा असला तर कीबोर्ड त्याच्याच हाती ठेवायचा, असं केलं तर काय होईल, तसं का नको, एवढं विचारत राहायचा. तोलामोलाचा असला तर दोघं मिळून एखादा गुंता सोडवायचे. दुसऱ्या दिवशी खुर्ची दुसऱ्याशेजारी. काम पूर्ण व्हायचं ते शेजाऱ्याच्या नावावर. तक्त्यात ज्यांचे गुण झळकत होते, त्यांतल्या कितीजणांच्या गुणांत टिमचा दिवस मुरलेला होता, हे तक्त्याला दिसायची सोयच नव्हती. टिम राहिला, माणसागणिक मोजणं गेलं.

असा एक टिम आपल्या प्रत्येक ऑफिसात असतो. बहुतेक वेळा ती बाई असते, आणि अप्रेझलमध्ये तिला ‘तुझी व्हिजिबिलिटी कमी पडली’ असं ऐकवलं जातं.

नॉर्थने हे लिहिलं त्याच सुमारास मॅकिन्झीवरून वाद चालू होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या सल्लागार कंपनीने डेव्हलपरची उत्पादकता मोजता येते, अशी ग्वाही देणारा लेख काढला. केंट बेक आणि गेर्गेली ओरोस या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या दोन जाणत्या प्रोग्रॅमरांनी त्याला सविस्तर दोन भागांत उत्तर दिलं. या वादात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते निकोल फोर्सग्रेन या संशोधक बाईंचं काम. मोजायचंच असेल तर काय मोजावं, यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं घालवून २०१८ मध्ये पुस्तक काढलं. त्यातली चार मापं सगळीकडे गेली: नवा कोड किती वेळा वापरात जातो, लिहिल्यापासून वापरात जायला किती वेळ लागतो, त्यांतले किती बदल बिघाड करतात, आणि बिघडलेलं किती लवकर सावरतं. चारही मापं टीमची आणि व्यवस्थेची आहेत, त्यांत माणसाच्या नावाचा रकाना नाही. तो आपले लोक नंतर एक्सेलमध्ये हाताने घालतात.

सगळ्यांना दिसेल असं काही लावणं म्हणजे पाळत, असंही नाही. २००० नंतरच्या दशकात काही टीमांनी लाव्हा लँप लावले. ते मेणाचे बुडबुडे वरखाली होणारे शोभेचे दिवे, एक हिरवा आणि एक लाल. प्रत्येकाने टाकलेला कोड एकत्र करून तपासणारं सॉफ्टवेअर (तेव्हा क्रूझकंट्रोल नावाचं जोरात होतं) त्या दिव्यांना जोडायचं. सगळं ठीक तर हिरवा. कोणाच्या बदलाने काही मोडलं की लाल. माइक क्लार्क या प्रोग्रॅमरने या दिव्यांवर लिहिलंय, त्यातला एक बारकावा झकास आहे. लाव्हा लँप पेटला तरी मेण तापून बुडबुडे उठायला वेळ लागतो. तेवढ्यात मोडलेलं दुरुस्त करायचं, बुडबुडा उठायच्या आत, हा टीमचा खेळ होऊन बसला. दिव्याला नाव दिसत नाही. त्याला फक्त मोडलंय एवढंच कळतं, आणि ज्याला दुरुस्त करायचं तोच तो सगळ्यांत आधी बघतो.

मी हीच एक कसोटी लावतो. तक्ता कोणताही असो, तो पहिल्यांदा कोण बघतं? ज्याच्या कामाबद्दल आहे तो, की त्याच्या वरचा? गूगलमध्ये बरीच वर्षं इंजिनिअर दर आठवड्याला ‘स्निपेट’ लिहीत: गेल्या आठवड्यात काय केलं, पुढच्यात काय करणार, चार-पाच ओळी, आणि त्या कोणालाही वाचता यायच्या. तिमाहीची उद्दिष्टंही सगळ्यांची सगळ्यांना खुली असत, खुद्द सहसंस्थापक लॅरी पेजने कंपनीसाठी ठरवलेलीसुद्धा. नव्याने लागलेला पोरगा वरच्यांची उद्दिष्टं उघडून बघू शकतो, त्यात काय साधलं नाही तेही, म्हटल्यावर स्वतःची चार वाक्यं लिहिताना त्याचा हात आखडत नाही. आपल्याकडे स्टेटस रिपोर्ट खालून वर जातो. वरून खाली आलेला मी तरी पाहिलेला नाही.

खुलं असूनही वाट कशी चुकते, त्याचं उदाहरण गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं आहे. तिथे प्रत्येकाच्या पानावर वर्षाचे छोटे छोटे चौकोन असतात. ज्या दिवशी काम केलं तो हिरवा, जास्त काम तर गडद. आधी त्याच्याखाली आकडाही असे: तुम्ही सलग इतके दिवस खंड न पाडता काम करताय. कोणा साहेबाने सक्ती केली नव्हती. तरी लोक एकादशीसारखं ते पाळू लागले. रात्री पावणेबाराला लॅपटॉप उघडून एखादा स्वल्पविराम दुरुस्त करायचा, चौकोन हिरवा, झोपायला मोकळे. काही वल्लींनी मागच्या तारखा घातलेले कमिट (म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी) करून त्या चौकोनांत अक्षरं आणि चित्रं काढली, कारण कमिटची तारीख लिहिणाऱ्याच्याच हाती असते. इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांचे हिरवे चौकोन बघणारे मॅनेजर आपल्याकडेही होते, आणि चौकोन हिरवे करून देणाऱ्या स्क्रिप्टही होत्या.

२०१६ च्या मे महिन्यात गिटहबने सलग दिवसांचा आकडा काढून टाकला. काही लोक चिडले, मेहनतीने जपलेलं गेलं म्हणून. पुढे मोल्डन, स्ट्रोमायर आणि वाक्स या संशोधकांनी त्या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या. लांबलचक सलग मालिका लोकांनी सोडून दिल्या होत्या, शनिवार-रविवारचं काम कमी झालं होतं आणि दिवसाला फक्त एकच नोंद असलेले दिवसही घटले होते. म्हणजे ते रात्रीचे स्वल्पविराम. एक आकडा पडद्यावरून काढला तर जगभरच्या इतक्या माणसांचे रविवार मोकळे झाले, ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

मग २०२० आलं आणि सगळे घरी बसले. मॅनेजरमंडळींना एकाएकी माणसं दिसेनाशी झाली. त्यांची घालमेल मी समजू शकतो. उभ्या हयातीत ज्यांनी खुर्च्या मोजल्या, त्यांच्यासमोर खुर्च्याच नाहीत. त्या जागी आला मायक्रोसॉफ्ट टीम्सचा हिरवा ठिपका. काही मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की तो पिवळा. कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, पोराचा ऑनलाइन वर्ग बंद पडला, पिवळा. यावरचा घरगुती तोडगा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला: काटेवालं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवायचं आणि त्याच्या काचेवर माउस. सेकंदकाटा खालून गेला की माउसच्या प्रकाशाला वाटतं आपण हललो, पॉइंटर सरकतो, ठिपका हिरवा राहतो. आजोबांचं एचएमटी कपाटातून बाहेर काढून त्यावर क्लायंटला बिल लावणारे लोक मला माहीत आहेत. ज्यांना एवढीही कल्पकता झेपत नव्हती, त्यांनी माउस हलवणारी तयार यंत्रं मागवली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनाहून अधिक लोकांना कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याबद्दल काढलं. काम झालं होतं की नव्हतं, याची चर्चा त्या बातम्यांत मला कुठे सापडली नाही.

मायक्रोसॉफ्टने २०२० च्या अखेरीस ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ आणला तो याच हवेत. २८ दिवसांत कोणी किती दिवस ईमेल केले, किती दिवस चॅट वापरला, बैठकीत कॅमेरा किती वेळा लावला, हे कंपनीच्या अ‍ॅडमिनला नावानिशी बघता येत होतं. व्हिएन्नातला वोल्फी ख्रिस्टल हा खाजगीपणावर काम करणारा संशोधक. त्याने स्क्रीनशॉटसकट हे चव्हाट्यावर मांडलं. आठवड्याभरातच, १ डिसेंबरला, मायक्रोसॉफ्टने नावं काढून टाकली आणि आकडे फक्त अख्ख्या संस्थेचे दाखवायचं जाहीर केलं. ज्या कंपनीसाठी राबणाऱ्या हैदराबादच्या सहाजणांनी वेगळी वाट दाखवली होती, तिनेच हे करावं! मोठ्या कंपनीत एका मजल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्या मजल्याला ठाऊक नसतं, हे मात्र खरं.

उघड पाळत ठेवणाऱ्यांत एकाबद्दल मला थोडी सहानुभूती आहे, ती म्हणजे अपवर्क या फ्रीलान्सिंग साइटची ‘वर्क डायरी’. फ्रीलान्सर तासाच्या दराने काम घेतो, ते अ‍ॅप दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एकदा त्याच्या स्क्रीनचा फोटो काढतं आणि माउस-कीबोर्डचे ठोके मोजतं. नागपूर-कोल्हापूरकडे बसून परदेशी गिऱ्हाइकांची कामं करणारी पोरं यावर जगली आहेत. प्रकार ओंगळ आहे, पण त्यात एक माणुसकीची फट आहे: फोटो आधी कामगाराला दिसतो आणि नको असेल तर त्याला तो पुसता येतो. फक्त त्या दहा मिनिटांचे पैसे जातात. दोन अनोळखी माणसं, मध्ये सात समुद्र, पैसे बुडण्याची दोघांना भीती. तिथे मी हे समजून घेतो. पाच वर्षं एका पगारपत्रकावर असलेल्या माणसाला हेच लावणाऱ्या कंपन्यांना मात्र कुठलीच सबब नाही.

लपवालपवी संपली की काय होतं, ते बघायचं तर चुकांकडे बघावं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजाराच्या कंपनीत साइट बंद पडली की जी पाटी दिसायची, तिच्यावर तीन बाह्यांच्या स्वेटरचं चित्र असे. तसा खराखुरा स्वेटर त्यांनी विणून घेतला आणि दरवर्षी ज्याच्या हातून, अजाणता, सगळ्यांत अनपेक्षित गोंधळ झाला त्याला समारंभाने देऊ लागले. जॉन ऑल्सपॉ तेव्हा तिथल्या तांत्रिक व्यवस्थेचा प्रमुख. बिघाडानंतरच्या चौकशीत दोषी शोधायचा नाही, त्या क्षणी त्या माणसाला तेच बरोबर का वाटलं हे शोधायचं, असं त्याने २०१२ मध्ये लिहिलं. याच कंपनीत भिंतीभिंतीवर आलेख होते आणि नवा कोड गेला की आलेखावर एक उभी रेघ उमटायची. रेघेनंतर आलेख कोसळला तर कोणाचं काम ते दोन मिनिटांत कळणार. इतकं उघडं असून लोक घाबरत नव्हते, कारण कळल्यावर काय होणार ते ठरलेलं होतं: फार तर स्वेटर.

गिटहबच्याच धंद्यातल्या गिटलॅबने या उघडेपणाची हद्द केली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. क्षणभरात ध्यानात आलं, थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे ईमेल कोणाला पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने चाचणीसाठी सहज काढून ठेवलेली एक प्रत, तिच्यावर सगळं तरलं. या दरम्यान कंपनीने आपल्या दुरुस्तीच्या नोंदींची फाइल जगाला उघडी केली आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. हजारो लोक, सिस्टिम अ‍ॅडमिनच बहुतेक, रात्र जागून बघत होते. चिडलेले कमी, स्वतःच्या पोटात गोळा आलेलेच जास्त. कित्येकांनी आपापल्या ऑफिसात जाऊन पहिल्यांदा बॅकअप तपासले, असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. नंतर आलेल्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नाही. तो फक्त ‘टीम मेंबर १’. बाकी सगळं, कमांड, वेळ, उडालेला डेटा, अक्षरशः उघडं.

आपल्याकडे उलट. नाव सगळ्यांना ठाऊक, घडलं काय ते कोणालाच नाही. आपल्या स्टेटस रिपोर्टला धंद्यात ‘कलिंगड’ म्हणतात: बाहेरून हिरवा, कापला की लाल. डेव्हलपर लीडला सांगतो, ‘थोडं अडलंय.’ लीड मॅनेजरला सांगतो, ‘होतंय, उद्यापर्यंत.’ मॅनेजर शीटमध्ये पिवळा करतो, त्याचा वरिष्ठ म्हणतो, पिवळा बघून क्लायंट उगाच घाबरेल, आणि कॉलवर तो हिरवा होऊन जातो. कोणीच धडधडीत खोटं बोललेलं नसतं. टाइमशीटचंही तसंच: अकरा तास बसलेला माणूसही आठ भरतो, कारण बिल आठाचंच आहे, आणि रिकामा बसलेलाही आठच भरतो. वर्षानुवर्षं आठ-आठ-आठ-आठ-आठ. एवढ्या माहितीवर आपला अब्जावधींचा धंदा चाललाय.

बाणेरला बसणारी माझ्या ओळखीची एक डिलिव्हरी मॅनेजर आहे. तिचा क्लायंट अमेरिकेतली एक विमा कंपनी. तिथल्या नव्या साहेबाने फर्मावलं की प्रत्येक ‘रिसोर्स’ने रोज किती तास कशावर घालवले ते त्याला हवंय, माणसागणिक, दररोज. हिने लगेच नाही म्हटलं नाही. तेवढी ती मुरलेली आहे. म्हणाली, आठवडाभर द्या, आधी आमचा बोर्ड नीट करते. तिने टीमला बसवलं आणि प्रत्येक कार्डावर एकच गोष्ट लिहायला सांगितली: हे थांबलं असेल तर कशासाठी थांबलंय आणि कधीपासून. कोण करतंय हा रकाना तिने झाकून टाकला. टीमने भरलं, टीमनेच वाचलं, दोन गोष्टी आपसात बोलून तिथेच सुटल्या. उरलेली यादी तिने साहेबाला पाठवायला घेतली, तेव्हा तिचा लीड बघून दचकला.

‘अगं, हे असंच पाठवणार आहेस?’

‘मग? त्यानेच मागितलंय ना, काम कुठे आहे ते?’

यादीतली बहुतेक कार्डं क्लायंटच्याच मंजुरीसाठी थांबली होती. काही त्याच साहेबाच्या इनबॉक्सात, महिना उलटून गेलेली. माणसागणिक तासांचा विषय त्यानंतर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टीम ऑफिसात आली तर रात्रीतून सगळ्या मंजुऱ्या एकदम येऊन पडल्या होत्या, आणि टेस्टिंगवाल्या दोघांनी डोक्याला हात लावला होता.